पेट्रोल भरायला गोव्याला जाणारे महाभाग

गणितमास्तर:
'माड आणि मासे' यांनी काल लिहिलं, "सावंतवाडीत राहून जो सावंतवाडीत पेट्रोल भरतो तो मूर्ख. मी पत्रादेवीला गोव्याची सीमा ओलांडतो, ३० लिटर टाकतो, लिटरमागे ८ रुपये वाचवतो. २४० रुपये खिशात!" शिवाय पहाटे थंड पेट्रोल भरा, १०० ऐवजी ११० चं भरा, हे नेहमीचं शेपूट. त्यावर पन्नासेक अंगठे. सोडून द्यायचं ठरवलं होतं, पण रात्री बारा वाजता उठून कागद घेतला.

जाऊन-येऊन ३५ किलोमीटर धरू. गाडीचं अ‍ॅव्हरेज १५. म्हणजे सव्वादोन लिटरच्या वर जळालं. गोव्याच्याच ९७ च्या भावाने २२६ रुपये. उरले १४. एक कटिंग. ती प्यायलाही वेळ नाही, कारण तास रस्त्यात गेला. टायर, ऑइल मी धरलेलंच नाही. बरं, टाकी रिकामी करून निघत नाही कोणी, तेव्हा ३० लिटर दरवेळी बसतात हेही मला पटत नाही.

मूर्ख कोण ते ठरवा.

माड आणि मासे:
मास्तर, तुका कोणी इचारल्यान? माझं दुकान आहे. दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला माल आणायला जातोच. पेट्रोलसाठी एक मीटर जास्त गाडी फिरवत नाही. २४० चे २४० वाचतात. लावा गणित.

गणितमास्तर:
मग हे काल लिहायचं होतं! पन्नास अंगठेवाल्यांपैकी कितीजणांचं म्हापशाला दुकानाचं काम असतं?

नोझल:
मी स्वतः पंप चालवतो, म्हणून शेपटाबद्दल आधी. टाकी जमिनीखाली असते. पहाट असो की दुपार, आतलं तापमान अंशभरही हलत नाही. आणि हललं तरी एका अंशाला पेट्रोल फुगतं हजारात एक भाग. ३० लिटरला ३० मिली, तीन रुपये. त्यासाठी पाचला उठणाऱ्यांना माझा नमस्कार. ११० चंही तेच. मीटर आकडा बघून माप कमी करत नाही. ज्याला लबाडी करायची तो मशिनमध्येच चिप घालतो, २०१७ ला ठाणे पोलिसांनी पंपांवर धाडी घालून तेच पकडलं. ती चिप १०० ला कापते तशी ११० लाही कापेल. संशय आला तर भांडू नका, पाच लिटरचं माप मागा. ते प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं. पाच लिटरला २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे वैधमापनवाल्यांकडे, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, तक्रार करा. तीस वर्षांत माझ्याकडे माप मागणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. "शून्य बघा" म्हटलं की मोबाइल बघणारेच जास्त.

आणि "आज भरू की उद्या" हा प्रश्नच राहिलेला नाही. १६ जून २०१७ पासून रोज सकाळी सहाला भाव बदलायचे. आता महिनोन्महिने पैशांपलीकडे हलत नाहीत. जेव्हा हलतात तेव्हा मरतो आम्ही. २१ मे २०२२, शनिवार. संध्याकाळी उत्पादन शुल्क कमी झाल्याची घोषणा, रविवारी लिटरमागे नऊ रुपयांच्या वर उतार. माझ्या टाकीत शनिवारी दुपारीच उतरवलेला १२ हजार लिटरचा टँकर. करा हिशोब, मास्तर.

गणितमास्तर:
लाखाच्या वर गेले तुमचे. वाईट वाटलं. पण इथे विषय ग्राहकाचा आहे.

नोझल:
ग्राहकाचाच विषय असतो हो नेहमी.

परभणीचा पक्या:
तुम्हा लोकांचे लाड बघून हसू येऊ लागलंय. आमच्याकडं टँकर येतो मनमाडहून, तीनशेच्या वर किलोमीटर, त्याचं भाडं आमच्याच माथी. पुण्यात १०४ असलं की आमच्याकडं दोन-तीन रुपये चढच. सीमा म्हणाल तर नांदेडच्या पुढं तेलंगण, तिथं १०७! म्हणजे ते आमच्याकडं येतील भरायला, आम्ही कुणीकडं जावं? २०२४ च्या जुलैत मुंबई-ठाण्याचा पेट्रोलवरचा व्हॅट २६ वरून २५ टक्के केला, उरलेल्या राज्याइतका. पेपरात 'दिलासा'. दिलासा कुणाला? परभणी कुठंय ते तरी माहिताय का?

म्हापशेकर:
गोव्याच्या बाजूने एक सांगतो. २०१२ ला पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला, भाव एकदम ११ रुपयांनी उतरून ५५ च्या आसपास आला. तेव्हा सीमेवरच्या पंपांवर एमएच आणि केए नंबरच्या रांगा, आणि डिकीत कॅन. उन्हात तापलेल्या डिकीत प्लॅस्टिकचा कॅन घेऊन घाट चढणारे लोक स्वतःला हुशार समजतात, त्यांना कोपरापासून नमस्कार. आता गोव्यातही व्हॅट पुन्हा वाढलाय, रांगा मात्र आहेतच.

माड आणि मासे:
कॅन कोण नेतो? मी टाकीत भरतो.

म्हापशेकर:
तुम्हाला म्हटलं का? टोपी बसली वाटतं.

ऊसवाला बापू:
ते आठ रुपये, चौदा रुपये राहू द्या बाजूला. मूळ प्रश्न...

जुनी गाडी:
बापू, मूळ प्रश्न मी सांगतो. पेट्रोलमध्ये मिसळतात ते ऊस-मक्याचं इथेनॉल! माझी २०१४ ची गाडी. सोळाच्या खाली कधी आली नाही. टाकी फुल ते टाकी फुल, वहीत लिहून ठेवतो, बायको हसते. आता १४.८. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी. २० टक्के मिसळलं तर साधारण साडेसहा टक्के गेले. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात जुन्या गाड्यांना ६ ते ७ टक्के लिहिलंय. १०४ च्या भावात लिटरमागे पावणेसात रुपये. म्हणजे माडवाले गोव्यात आठ वाचवतात, त्यातले पावणेसात इथेनॉल खातं. भाव कमी केला का? नाही!

ऊसवाला बापू:
आता बोलू का? २० टक्के एका रात्रीत आलं नाही. २०२२ लाच १० टक्के होतं, तेव्हा तुमची वही झोपली होती काय? १० वरून २० ला फरक निम्माच, तीन-साडेतीन टक्के. बाकीचं तुमच्या टायरातली हवा आणि पुण्याचं ट्रॅफिक. आमच्या कारखान्याकडची उसाची बिलं पूर्वी आठ-आठ महिने थकायची. इथेनॉलची डिस्टिलरी आली तेव्हापासून वेळेत पडायला लागली. पोरीचं लग्न त्या पैशात झालं, भावा. डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसाच्या इथेनॉलवर बंधनं आली तेव्हा कुणी धागा काढला नाही.

जुनी गाडी:
पोरीच्या लग्नाबद्दल अभिनंदन, पण आहेर माझ्या टाकीतून का? आणि आता निम्म्याहून जास्त इथेनॉल मका-तांदळाचं आहे. उसाच्या नावाने रडू नका.

ऊसवाला बापू:
मका काय आकाशात पिकतो? तोबी शेतकरीच पिकवतो!

जुनी गाडी:
मला इथेनॉलने माझे रबरी पाइप खराब होतील याची काळजी आहे, तुम्हाला मतांची.

ऊसवाला बापू:
मत कुठनं आलं मधीच? एसीत बसून वही लिहिणाऱ्यानं शेतकऱ्याला...

गणितमास्तर:
दोघेही दुसरा धागा काढा. हात जोडतो.

जुनी गाडी:
धागा 'पेट्रोल परवडावं कसं' यावर आहे ना? मग हेच मूळ आहे. तुमचे १४ रुपये नाहीत.

घाटातला कोल्हापुरी:
मी माझी लाज सांगतो. गेल्या जुलैत कोल्हापूरहून गोव्याला निघालो. काटा पाव टाकीवर. ठरवलं, आता थेट पत्रादेवीपलीकडे. आजऱ्यात बायको म्हणाली, "भरून घ्या." मी म्हणालो, "लिटरला आठ रुपये, कळतं का तुला?" गवश्याच्या पुढे गाडी आचके देऊ लागली आणि थांबली. धो धो पाऊस, वायपर चालू, मागे दोन पोरं. तासाभराने एका मोटारसायकलवाल्याने पाण्याच्या बाटलीतून दीड लिटर आणून दिलं, ३०० रुपये. वरून म्हणाला, "गोव्यात भरायचं होतं ना? दर रविवारी एक तरी सापडतो." महिन्याभराने टाकीतला पंप गेला. तो पेट्रोलमध्ये बुडलेला असतो, त्यानेच थंड राहतो, सारखा कोरडा चालवला की जळतो, असं मेकॅनिकने सांगितलं. बिल साडेसात हजार. बायकोने अजून एक शब्द काढलेला नाही. आजरा आला की फक्त माझ्याकडे बघते.

परभणीचा पक्या:
हे एकच पटलं बघा आजच्या दिवसात.

माड आणि मासे:
मास्तर, गप्प का? वाटेवर असेल तर गोव्यात भरणं फायद्याचं आहे की नाही, हो किंवा नाही सांगा.

गणितमास्तर:
वाटेवर असेल, काटा पावाच्या वर असेल, म्हापशात दुकानाचं काम असेल आणि नशीब बरं असेल तर हो. अभिनंदन. 'मूर्ख' शब्द तेवढा मागे घ्या.

माड आणि मासे:
अर्धा घेतो.

गणितमास्तर:
असो. शनिवारी पेडण्याला लग्नाला जायचंय. सीमा ओलांडल्यावर पहिल्या पंपावर थांबू की पुढच्या?

माड आणि मासे:
इलो मा गावात! पुढच्या. पहिल्यावर शनिवारी रांग असते. आणि जाताना नको, येताना भरा, लग्नाला कशाला टाकीभर वजन नेताय.

जुनी गाडी:
तिथलंही २० टक्केच आहे हं, मास्तर.