सोंगाड्या : कौतुक की शिवी?

गेल्या रविवारी आमच्या वाचनालयाच्या वाचनकट्ट्यावर दादा कोंडके यांचं 'एकटा जीव' घेतलं होतं. पुस्तकावर बोलायचं ते राहिलं बाजूला, अर्धा तास आम्ही एका शब्दावरच अडून बसलो. एक काका सुरुवातीलाच म्हणाले, "दादा म्हणजे अस्सल सोंगाड्या." शेजारच्या ताईंना ते लागलं. "एवढ्या मोठ्या कलावंताला सोंगाड्या काय म्हणता? विनोदवीर म्हणा, विनोदसम्राट म्हणा."

दोघंही मनापासून बोलत होते. ताई शहरात वाढलेल्या. त्यांच्या कानावर हा शब्द पडला तो "ताप वगैरे काही नाही हो, एक नंबरचा सोंगाड्या आहे" असाच. काका जुन्नरकडचे, नारायणगावात लागणाऱ्या तमाशाच्या फडांच्या राहुट्या बघत मोठे झालेले. त्यांच्या लेखी ढोलकीवाला, तुणतुणेवाला, मागे सूर धरणारा झीलकरी, तसा हसवणारा सोंगाड्या. ते फडातलं काम आहे, आणि जबाबदारीचं काम आहे. तो उभा राहिला नाही तर वग, म्हणजे तमाशातलं नाट्य, पडतो.

काकांनी ते करूनच दाखवलं. खुर्चीवरून उठले, टोपी जरा तिरकी केली, एक पाऊल मागे घेतलं, मान खाली घातली आणि "व्हय म्हाराज" एवढंच म्हणाले. सगळे हसलो. शब्द पुरते आज्ञाधारक, पण मान अशी काही हलली की राजाची इज्जतच गेली. विनोदवीर या शब्दात ही मान मला दिसत नाही.

शब्दाची घडणही बघा. वाटाड्या वाट दाखवतो, तोच त्याचा धंदा. सोंगाड्याही त्याच घडणीचा: सोंग आणणं हेच ज्याचं काम. 1971 साली स्वतःच्या निर्मितीतला पहिला चित्रपट काढताना दादांनी हाच शब्द नाव म्हणून लावला. त्यात कमीपणा वाटला असता तर पोस्टरवर एवढ्या मोठ्या अक्षरांत छापला नसता. माझं मत काकांच्या बाजूचं आहे. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद १

सोंग आणि ढोंग यांत आपण गल्लत करतो, तिथे घोळ होतो. ढोंग लपवायचं असतं. सोंग दाखवायचं असतं. समोरच्याला ठाऊक असतं की हे सोंग आहे, म्हणून तर मजा. भारुडात सोंग घेऊन करायचं सोंगी भारूड वेगळं मानतात, बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवात देवांची सोंगं नाचवतात, आणि लोक त्या सोंगांना हात जोडतात. 'रात्र थोडी सोंगे फार' ही म्हणसुद्धा खेळ करणाऱ्यांच्या अडचणीतून आली असणार असं मला वाटतं: उजाडत आलंय आणि अजून इतकी सोंगं यायची आहेत! त्यात फसवणूक कुठे आहे? 'झोपेचं सोंग' मात्र बघणाऱ्याला न सांगता घेतलेलं, म्हणून ते ढोंगाकडे झुकतं.

प्रतिसाद २

'बतावणी'चंही तसंच झालंय. पेपरात रोज वाचतो, "पोलीस असल्याची बतावणी करून दागिने लांबवले." तमाशात गण, गौळण हे सुरुवातीचे भाग झाले की रंगते ती बतावणी, हजरजबाबी विनोदी संवाद. नव्या वाचकाने कलावंताच्या आठवणींत "त्याची बतावणी फार गाजली" असं वाचलं तर त्याला वाटेल, माणूस तुरुंगात गेला! अशा पुस्तकांच्या शेवटी चार पानं शब्दार्थ द्यायलाच हवेत.

मूळ प्रश्नकर्ता

शब्दार्थांची सूचना मला पटली, पुढच्या बैठकीत मांडतो. कट्ट्यावर आणखी एक शंका निघाली होती: पुस्तक पहिल्या पुरुषात, पण शब्दांकन अनिता पाध्ये यांचं, मग आत्मचरित्र म्हणायचं का? मी आत्मकथन म्हणेन. सांगणाऱ्याचा आवाज त्यात आहे, लिहिणारा हात दुसरा. 'शब्दांकन' हा शब्द ते प्रामाणिकपणे सांगतोही.

नावाबद्दलही. 'एकटा जीव सदाशिव' आपण पाठीमागे कुणी नसलेल्या, निर्धास्त माणसाला म्हणतो. दादांचा त्या नावाचा चित्रपटही आहे. पुस्तकाच्या नावातून सदाशिव गेला आणि निर्धास्तपणा त्याच्याबरोबर गेला. उरला नुसता एकटा जीव. ताईंनी हे वाचून दाखवलं तेव्हा खोलीत कुणी काही बोललं नाही.

ताईंचं म्हणणं अजून तेच आहे: शब्द कितीही थोर असो, आज ऐकणाऱ्याला तो टोचणार. म्हणून वाचनालयाच्या फलकावर त्यांनी 'तमाशातला सोंगाड्या' असं लिहिलंय, नुसता सोंगाड्या नाही. हा तोडगा मला आवडला.

आता एक विचारायचंय. कोकणातल्या नमन या लोकनाट्यात संकासूर हे पात्र हसवतं. विदर्भातल्या खडी गंमत या लोकनाट्यात, खानदेशात, गोव्याकडे हसवणाऱ्याला तुमच्या गावात काय म्हणतात? आणि तो शब्द घरात रागाने वापरतात का?