'स्पेक्युलेट' म्हणजे तर्क करणे की सट्टा खेळणे?

प्रश्न (जुळे सोलापूर)
नमस्कार. चादरी व टॉवेल निर्यात करणाऱ्या एका व्यापाऱ्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार मी मराठीत करून देते. 'स्पेक्युलेट' हा शब्द नुकताच दोन ठिकाणी आडवा आला. कारखान्याला लागलेल्या आगीच्या बातमीत अधिकाऱ्यांनी कारणाविषयी 'स्पेक्युलेट' करण्यास नकार दिला होता. संगणकाने त्याचे भाषांतर 'सट्टा लावण्यास नकार दिला' असे केले. दुसरीकडे परदेशी ग्राहकाने सुताच्या भावावर 'स्पेक्युलेट' करू नका, असा सल्ला दिला आहे. तिथे 'अंदाज बांधू नका' असे लिहावे, तर मालक विचारणार की अंदाज न बांधता धंदा करायचा कसा? कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त इंग्रजी शिक्षक)
या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत असून तिथे त्याचा संबंध टेहळणीच्या बुरुजाशी आहे. लांबवर नजर ठेवणे या अर्थावरून इंग्रजीत आधी चिंतन करणे, तर्क लढवणे हा अर्थ रुळला आणि भाव चढेल या आशेने पैसा गुंतवणे हा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. वाक्यात कोणता अर्थ घ्यायचा, हे बहुधा पुढचे शब्दयोगी अव्यय सांगते. 'अबाउट' असेल तर तर्क करणे, 'इन' असून पुढे शेअर, जमीन किंवा माल असेल तर सट्टा करणे. 'ऑन' दोन्हीकडे चालते, म्हणूनच आपली अडचण झाली आहे. तिथे संदर्भावाचून गत्यंतर नाही.

पहिल्या अर्थासाठीही 'अंदाज' हा शब्द मी टाळेन, कारण अंदाजाला काहीतरी आधार असतो. हवामान खाते देते तो अंदाज. सिद्धेश्वर यात्रेत वासराच्या हालचालींवरून पाऊसपाण्याचे आणि महागाईचे सांगितले जाते ती भाकणूक. पुरेशी माहिती हाती नसताना माणूस जे बोलतो ते 'स्पेक्युलेशन', आणि त्याला 'अटकळ' किंवा 'तर्कवितर्क' हे शब्द नेमके बसतात. आपल्या बातमीत 'आगीच्या कारणाबाबत तर्क करण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला' एवढे पुरे. मंत्रिमंडळ विस्ताराच्या बातम्यांतील 'स्पेक्युलेशन' मात्र मराठी वृत्तपत्रे 'चर्चांना उधाण' म्हणून लिहितात आणि ते योग्यच आहे.

उत्तर २ (सूत व्यापारी)
ताई, आपल्या मालकांचा आक्षेप रास्त आहे. हातात टॉवेलची ऑर्डर आहे, माग चालू आहेत आणि सूत महागेल असे वाटून एखाद्याने पुढच्या दोन महिन्यांचा माल आजच्या भावाने बांधून ठेवला, तर त्याला आमच्या बाजारात कोणी सट्टा म्हणत नाही, ती खरेदी झाली. ज्याला विणायचे काहीच नाही आणि जो केवळ भाव चढल्यावर विकण्यासाठी गोण्या रचून ठेवतो, तो सट्टा करतो. म्हणून पत्रात 'भाव वाढेल या आशेवर गरजेपेक्षा जास्त सूत भरून ठेवू नका' असे सरळ लिहावे, म्हणजे कोणाला टोचणार नाही.

उत्तर ३ (कर सल्लागार)
वरील भेदाशी मिळताजुळता भेद कायद्यातही आहे. आयकर कायद्यानुसार मालाचा किंवा शेअरचा प्रत्यक्ष ताबा न देता-घेता केवळ भावातील फरकावर मिटवलेला व्यवहार सट्ट्याचा ठरतो, आणि अशा धंद्यातील तोटा फक्त तशाच धंद्यातील नफ्यातून वजा होतो. मात्र आपल्या कारखान्याच्या कच्च्या मालाच्या भावातील चढउतारापासून संरक्षण म्हणून उत्पादकाने केलेला सौदा त्यातून वगळलेला आहे. भाषांतरात 'जुगार' हा शब्द कृपया वापरू नका. संविधानात जुगार व पैजा हा विषय राज्य सूचीत, तर शेअर बाजार व वायदे बाजार संघ सूचीत आहेत; शिवाय १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो. परदेशी ग्राहकाला सट्टा नको असेल, पण त्याने आपल्या मालकांना जुगारी म्हटलेले नाही.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. बातमीत 'तर्क करण्यास नकार' आणि पत्रात व्यापारी दादांनी सुचवलेले वाक्य घेते. मालकांना ते वाचून दाखवले. 'गरजेपेक्षा जास्त' म्हणजे किती गोण्या, हे ग्राहकाला उलट टपाली विचारायला त्यांनी सांगितले आहे.