ग्राफिक्स भारी म्हणजे कन्सोल भारी?

कन्सोलच्या (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राच्या) बाजारात "ज्याचे ग्राफिक्स भारी तोच जिंकतो" असं म्हणतात, ते काही मला पटत नाही. नोव्हेंबर २००६ आठवा. अमेरिकेत सोनीचा प्लेस्टेशन ३ आला ४९९ आणि ५९९ डॉलरला, आत ब्लू-रे (एचडी सिनेमांच्या डिस्क चालवायची सोय) वगैरे सगळा थाट. दोनच दिवसांनी निन्टेन्डोचा वी (Wii) आला २५० डॉलरला, आणि त्यात साधं एचडीसुद्धा नव्हतं!

पण निन्टेन्डोला सोनीचं गिऱ्हाईक नकोच होतं. वीवर बोलिंग खेळताना रिमोट धरून हात मागे न्यायचा, पुढे आणायचा, बटण सोडायचं, झालं. नेहमीच्या कंट्रोलरवरच्या दोन स्टिक आणि दहा बटणं बघूनच ज्या आजीला धडकी भरते, तीही खेळायची. वी खपला १० कोटींच्या वर, प्लेस्टेशन ३ पावणेनऊ कोटींच्या आसपास.

फक्त वीची ही आजीसारखी नवखी मंडळी टिकाऊ नव्हती. स्मार्टफोनवर फुकट गेम मिळायला लागल्यावर बरीचशी तिकडे गेली, आणि निन्टेन्डोचा पुढचा कन्सोल वी यू जेमतेम १.३५ कोटी विकला गेला. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलवर ऑनलाइन गोळीबाराचे गेम खेळणारे मात्र लाइव्ह गोल्डची (ऑनलाइन खेळायची) वर्गणी भरून खेळत होते. तो धंदाच निराळा.