सरसकट बंदी दुकानदाराला परवडणारी नाही

वेबसाइटवरचा मजकूर आपोआप वाचून नेणारे ‘सगळेच एआय बॉट बंद करा, कटकट मिटली’ असा सल्ला दिला जातो. वृत्तपत्रांना ते ठीक, पण ज्याला गिऱ्हाईक हवंय त्याने घाई करू नये. ओपनएआयचा जीपीटीबॉट मॉडेल शिकवायला मजकूर नेतो. ओएआय-सर्चबॉट चॅटजीपीटीच्या शोधात तुमची साइट दाखवतो. रोबोट्स फाइलमध्ये, म्हणजे कुठल्या बॉटने काय वाचावं हे सांगणाऱ्या साइटवरच्या फाइलमध्ये, पहिला अडवून दुसरा चालू ठेवता येतो. गूगलच्या एआयला तुमचा मजकूर वापरू द्यायचा की नाही हे ठरवणारं गूगल-एक्स्टेंडेड त्याच फाइलमध्ये बंद केल्याने गूगल सर्चमधल्या क्रमावरही परिणाम होत नाही.

जुलै २०२५ पासून क्लाउडफ्लेअर या साइटना सुरक्षा आणि वेग देणाऱ्या सेवेवर नवं डोमेन (साइटचा पत्ता) जोडताना एआय क्रॉलरना, म्हणजे अशाच बॉटना, आत घ्यायचं का, हे विचारलं जातं. होमस्टेवाल्यांच्या साइटची कामं करताना मी बघतो, साइट बनवणारा त्याचं उत्तर परस्पर देऊन मोकळा होतो, मालकाला पत्ताही नसतो. खोल्या आणि दरपत्रकाची पानं तरी सर्चबॉटला खुली ठेवायला त्याला स्पष्ट सांगा.