मदत हवी आहे: जुनं 'सुपरटोन' मँडोलिन नेमकं कोणी बनवलं असेल?

मंडळी, शिकागोजवळ एका गराज सेलमध्ये ४० डॉलरला जुनं मँडोलिन मिळालं. सपाट पाठ, गोल भोक, डोक्यावर पुसट अक्षरांत 'सुपरटोन'. हे सिअर्स या टपालाने माल विकणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या कॅटलॉगमधलं नाव आणि १९४०च्या सुमारास त्याच्या जागी 'सिल्व्हरटोन' आलं, इथवर शोधलं. सिअर्सने १९१६ साली शिकागोची वाद्यं बनवणारी हार्मनी कंपनीच विकत घेतली होती, त्यामुळे जो तो "हार्मनीच असणार" म्हणून मोकळा होतो. पण सिअर्स इतर कारखान्यांचाही माल विकायचं ना?

गंमत म्हणजे पाठीवर मेपलसारख्या सुरेख लाटा आहेत, पण हात घासून जिथे पॉलिश उडालंय तिथे लाटाही गायब! खाली साधं फिकट लाकूड.

बाबा सांगलीला ऑर्केस्ट्रात मँडोलिन वाजवायचे. उन्हाळ्यात इकडे येतायत, तेव्हा त्यांच्या हातात द्यायचंय. बाराव्या पडद्यापाशी तारा फारच वर आहेत. दुरुस्तीत पैसे घालावेत का?

प्रतिसाद १
लाटा रंगवलेल्याच. खाली बहुतेक बर्च असेल. स्वस्त वाद्यांत हे सर्रास चालायचं, त्यावरून कारखाना कळत नाही. एका पट्टीवरच्या चार-चार खुंट्या आणि पत्र्याचं टेलपीस (तारांची खालची टोकं अडकवायचा तुकडा) यांवरही जाऊ नका, ते सुटे भाग सगळेच बाहेरून घ्यायचे. डोक्यावरचं नाव विकणाऱ्याचं, बनवणाऱ्याचं नव्हे. त्यातून नावंही हात बदलतात: 'स्टेला' आधी न्यू जर्सीच्या ऑस्कर श्मिट कंपनीचं, १९३९ मध्ये ते हार्मनीने घेतलं. म्हणजे स्टेला म्हटलं तरी कुठली, हा प्रश्न उरतोच.

तारा सैल करा, भोकातून दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा आणि टॉर्च घालून पाठीची आतली बाजू बघा. हार्मनीच्या बऱ्याच वाद्यांत शाईचा शिक्का असतो: 'एफ' किंवा 'एस' आणि पुढे सालाचे शेवटचे दोन आकडे. शिक्का नसला म्हणून हार्मनी नाही, असं मात्र नाही.

प्रतिसाद २
ताई, आधी दांडी तपासा. कडेने डोळा लावून बघा, वाकलीय की सांध्यातून उचललीय? अशा स्वस्त वाद्यांत दांडीच्या आत, फिरवून ती सरळ करायचा रॉड सहसा नसतो. घोडी चिकटवलेली नसेल तर ती उतरवून थोडी घासता येते, ते काम स्वस्तात होतं. दांडी उखडून परत बसवायची वेळ आली तर खर्च वाद्याच्या किमतीपेक्षा जास्त. मी तरी करणार नाही. तारा ०.०१० इंच जाडीपासून सुरू होणाऱ्या लाइट सेटच्याच लावा. आठ तारांचा ताण जुन्या पातळ तबकडीला (वाद्याच्या वरच्या फळीला) झेपत नाही.

धागाकर्ती
दोघांचेही आभार! दांडी सरळ आहे, घोडीही सुटी आहे. शिक्का सापडला, 'एस-३' एवढंच वाचता येतंय, पुढचा आकडा डिंकाखाली गेलाय. फोटो रात्री टाकते.