बिझनेस क्लासच्या मधल्या सीटवरून खाली दिसतं का?

मदत हवी आहे. पुढच्या महिन्यात ९ तासांचा विमानप्रवास आहे, टाळता येणार नाही. मला उंचीची भीती वाटते. धक्क्यांचं काही नाही, खालचं दिसलं की संपलं. मागच्या वेळी मुद्दाम मधल्या रांगेत बसले, तरी विमान वळताना पलीकडच्या खिडकीत जमीन तिरकी उभी राहिली आणि तळहातांना घाम फुटला. डोळे मिटले की जास्तच गरगरतं. डॉक्टरांनी गोळी नको म्हटलंय. विमान बोईंग ७८७ आहे, म्हणजे खिडकीला झडप नाही, काच बटणाने गडद होते. बिझनेस क्लासचे पैसे एकदाच परवडतील. १-२-१ रचनेत (दोन्ही खिडक्यांशी एकेक सीट, मध्ये दोन) मधल्या सीटवर बसलेल्यांनी सांगाल का, वळताना सीटच्या आडोशापलीकडचं बाहेरचं दिसतं का?