काळ्या मातीतील प्लॅस्टिकची जलवाहिनी जीपीआरने ओळखता येईल का?

प्रश्न (नळखाते)
आमच्या गावातील मुख्य रस्त्याचे काँक्रिटीकरण होण्यापूर्वी त्याखालच्या जुन्या जलवाहिन्यांचा नकाशा करायचा आहे. काही वाहिन्या बिडाच्या, काही पीव्हीसीच्या आहेत आणि जमीन काळी, चिकण आहे. जीपीआरच्या (जमिनीत रेडिओ लहरी सोडून त्यांचे परावर्तन टिपणाऱ्या यंत्राच्या) ४०० मेगाहर्ट्झच्या अँटेनाने घेतलेल्या चित्रात एके ठिकाणी ४० नॅनोसेकंदांवर स्पष्ट कमान (गाडलेल्या वस्तूची वक्र खूण) दिसते. तिची खोली कशी ठरवावी, आणि वाहिनी कशाची आहे हे त्यावरून सांगता येईल का?

उत्तर १ (भूमापक)
यंत्र फक्त लहर जाऊन परत येण्याचा वेळ मोजते. खोली आपण धरलेल्या वेगावरून येते. मातीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (लहर मातीत किती मंदावते ते दाखवणारा आकडा) ९ धरला, तर वेग नॅनोसेकंदाला १० सेंमी आणि खोली २ मीटर निघेल. ओल्या काळ्या मातीत तो २५च्या आसपास असू शकतो. तेव्हा वेग ६ सेंमीवर येतो आणि तीच कमान १.२ मीटरवर असते. म्हणून ज्या व्हॉल्व्ह चेंबरमध्ये टेप टाकून खोली मोजता येते, त्याच्या शेजारी एक रेघ (यंत्र सरळ ओढून केलेली मोजणी) घ्यावी आणि वेग तिथून काढावा. रेघ वाहिनीला काटकोनातच हवी. तिरकी गेल्यास कमान पसरट दिसते आणि तिच्या आकारावरून काढलेली खोली फुगते.

उत्तर २ (लहरी)
बीड आणि पाण्याने भरलेली पीव्हीसी या दोन्हींवरून परतणाऱ्या लहरीची ध्रुवता (तिच्या चढउताराची दिशा) उलटते, त्यामुळे तेवढ्यावरून निवाडा होत नाही. मात्र रिकाम्या पीव्हीसीत हवा असल्याने ध्रुवता उलटत नाही, आणि ओल्या काळ्या मातीत परावर्तनही भरलेल्या वाहिनीपेक्षा जोरकस असते. पाणी सोडण्याच्या वेळी एकदा आणि वाहिनी पूर्ण रिकामी झाल्यावर पुन्हा, अशी तीच रेघ दोनदा घेऊन पाहावी. चित्र बदलले तर वाहिनी प्लॅस्टिकची समजायला हरकत नाही. बिडाच्या वाहिनीचा माग धातुशोधक लोकेटरनेही लागतो, तो सोबत ठेवावाच.

उत्तर ३ (काळी माती)
मला मुळात त्या कमानीच्या स्पष्टपणाचीच शंका येते. चिकणमाती आणि ओल मिळून लहर इतकी शोषतात, की अशा जमिनीत एक मीटरखालचे काही नीट दिसणे दुर्मीळ असते. अँटेनाला वरून कवच असले तरी थोडी लहर आकाशाकडे निसटते, आणि हवेतील वेग ३० सेंमी असल्याने ४० नॅनोसेकंद म्हणजे ६ मीटर, म्हणजेच रस्त्यावरच्या विजेच्या तारांची उंची. तारेची कमान फारच पसरट असते. आपल्या कमानीच्या उतारावरून वेग काढा. तो ३० सेंमीच्या जवळ आला, तर तिथे खड्डा घेऊ नका.